अंगावर काढलेला ताप

‘दुखणे अंगावर काढणे’ या वाक्प्रचारात मराठी माणसाच्या सोशिकपणाचा मोठा इतिहास साठलेला आहे. ताप भरला तरी त्याची वाच्यता न करणे, हातातले काम न सोडणे, औषधपाण्याचा बभ्रा न करता ते दुखणे आपल्या देहावरच झिजवून संपवणे, हा आपल्याकडे कष्टकऱ्याचा गुण मानला गेला, आणि पुढे तालमीत, मैदानावर, शाळेच्या संघात तोच गुण खेळाडूच्या अंगी मोठ्या कौतुकाने बाणवला गेला. बहुतेक तापांच्या बाबतीत या सोशिकपणाने कुणाचे फारसे बिघडत नाही. परंतु एक ताप असा आहे, की ज्याच्यापुढे हा गुणच घातक ठरतो, आणि तो जेव्हा पंधरा-वीस वर्षांच्या निरोगी, काटक, उद्याच्या सामन्याची चिंता वाहणाऱ्या मुलाला गाठतो, तेव्हा त्याला ओळखणे सर्वांत अवघड जाते.

कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे आता एकमेकांत पुरती मिसळून गेली आहेत. वालधुनी नदीच्या काठचे, शके ९८२ चा शिलालेख मिरवणारे शिवमंदिर, लष्करी साहित्याचा सरकारी कारखाना, औद्योगिक वसाहतीच्या शेडी आणि चाळी-इमारतींच्या दाटीतून कशीबशी वाचलेली मैदाने, असा हा मुलूख आहे. येथे पहाटे साडेपाचला घराबाहेर पडावे, तर एकीकडे बाप पहिल्या लोकल गाड्यांकडे धावताना दिसतात आणि दुसरीकडे त्यांची मुले मैदानावर धावताना दिसतात. कुणी पोलीसभरतीच्या सोळाशे मीटरसाठी छातीचा भाता करून घेत असतो, कुणी कबड्डीच्या मातीवर गुडघे सोलून घेत असतो, तर कुणी खांद्यापेक्षा मोठी क्रिकेटची पिशवी पाठीला लावून मुंबईतल्या निवडचाचणीला निघालेला असतो. भरतीची तारीख टळली तर वर्ष जाते आणि निवडचाचणी चुकली तर कदाचित पुन्हा बोलावणे येत नाही, हे या मुलांना आपल्या नावाइतके पक्के ठाऊक असते. त्यामुळे ताप आला तरी तो सांगण्याकडे त्यांचा कल नसतो.

मेंदू आणि मज्जारज्जू यांना तीन पातळ आवरणांनी वेढलेले असते, आणि त्यांतल्या आतल्या दोन आवरणांच्या दरम्यान पाण्यासारखा निर्मळ द्रव सतत खेळत असतो. या आवरणांना बाधा होऊन सूज येणे म्हणजे मस्तिष्कावरणदाह, आणि आरंभी म्हटलेला घातक ताप तो हाच. डॉक्टर त्याला मेनिंजायटिस म्हणतात, वर्तमानपत्रे मेंदूज्वर म्हणतात, आणि आपल्या आज्या ‘ताप डोक्यात गेला’ असे म्हणत असत. बाधा विषाणूंची असेल तर रुग्ण पुष्कळदा आपोआप सावरतो. मेनिंगोकोकस किंवा न्यूमोकोकस या जीवाणूंची असेल तर प्रकरण दिवसांचे न राहता तासांचे होते. आणि क्षयाच्या जंतूंची असेल तर रोग आठवडे-आठवडे दबा धरून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जीवाणूजन्य प्रकारात दर सहा रुग्णांमागे एक दगावतो आणि दर पाचांमागे एकाला बहिरेपणा, फिट्स, अवयव गमावणे, बुद्धीवर परिणाम यांपैकी काही ना काही जन्माचे सोसावे लागते. म्हणूनच येथे वेळेला एवढे महत्त्व आहे.

असा एक दिवस डोळ्यांसमोर आणावा. अंबरनाथचा सतरा वर्षांचा एक कबड्डीपटू सकाळच्या सरावानंतर मैदानाच्या कडेला बसून म्हणतो, “सर, डोकं ठणकतंय.” सर अनुभवी आहेत आणि प्रेमळही आहेत, ते म्हणतात, “पाणी कमी पितोस तू. ऊन लागलं असेल. जा, सावलीत बस.” दुपारी घरी आल्यावर मुलाला एक उलटी होते आणि घरचे पित्ताचे निदान करून मोकळे होतात. संध्याकाळी अंग तापते, तेव्हा गल्लीतल्या दवाखान्यातून तापाची गोळी आणली जाते आणि तिने तासभर उतारही पडतो. “आई, पाय फार भरून आलेत गं,” असे तो म्हणतो, त्यावर आईचे उत्तर ठरलेले आहे: “एवढं धावल्यावर दुखणारच. तेल चोळून देते.” रात्री तो दिव्याकडे पाठ करून, मान जराशी आखडून झोपतो. बाप कामावरून येतो आणि दारातूनच हळू आवाजात म्हणतो, “दमलाय पोरगा. झोपू दे त्याला.”

या संबंध दिवसात कुणी निष्काळजीपणा केला, असे म्हणवत नाही. प्रत्येकाने आपापल्या अनुभवाला स्मरून, मायेनेच, सर्वांत संभाव्य कारण सांगितले. घात झाला तो दुसऱ्याच ठिकाणी. खेळाडूच्या देहात या रोगाच्या प्रत्येक लक्षणाला एक निरुपद्रवी खुलासा आधीपासूनच तयार असतो: डोकेदुखीला ऊन, उलटीला पित्त, पायदुखीला सराव, आखडलेल्या मानेला काल झालेली पकड, ग्लानीला थकवा. हेच पाच साक्षीदार एखाद्या घरबशा माणसाच्या बाबतीत एकत्र उभे राहिले असते, तर घरातल्या कुणाला तरी संशय आला असता. खेळाडूच्या बाबतीत मात्र प्रत्येकाची जबानी निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या माणसांपुढे होते, आणि प्रत्येकाला तिथल्या तिथे निर्दोष म्हणून सोडून दिले जाते. सरांना उलटी ठाऊक नसते, आईला मानेचे ठाऊक नसते आणि डॉक्टरांना पायांचे कुणी सांगितलेलेच नसते.

पायांची गोष्ट मी मुद्दाम पुन्हा काढतो. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधील ४४८ मुलांच्या मेनिंगोकोकल आजाराचा तासांचा हिशेब प्रसिद्ध झाला. या मुलांपैकी १०३ दगावली होती. आजाराच्या पहिल्या चार ते सहा तासांत बहुतेकांना साध्या तापाहून निराळे काहीच होत नव्हते, आणि चोवीस तास भरता भरता त्यांतली काही मृत्यूच्या दारात पोचली होती. मान आखडणे, उजेड न सोसणे, अंगावर लालजांभळे ठिपके उठणे, भान हरपणे ही पाठ्यपुस्तकांतली लक्षणे सर्वसाधारणपणे तेरा ते बावीस तासांच्या दरम्यान उमटली. परंतु त्यांच्याही पुष्कळ आधी, आठव्या तासाच्या सुमारास, सुमारे ७२ टक्के मुलांमध्ये तीन खुणांपैकी एखादी दिसून आली होती: पाय विलक्षण दुखणे, अंग तापलेले असताना हातपाय गार पडणे, आणि कातडीचा रंग पालटणे. रक्तात जंतू पसरून हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडू लागला, की हे घडते. तरीही पहिल्या वेळी डॉक्टरांकडे गेलेल्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांनाच इस्पितळात पाठवले गेले होते. सर्वांत आधी बोलणारी जी खूण, म्हणजे पायदुखी, तीच धावणाऱ्या मुलाच्या बाबतीत सर्वांत आधी दुर्लक्षिली जाते. सरावाचे दुखणे स्नायूला दाबले की कळते, हालचालीने सैल होते, विश्रांतीने उतरते; हे दुखणे विश्रांतीत वाढते, मुलाला पाऊल टेकवत नाही, आणि सोबत तळपाय गार लागतात.

मोठ्या माणसांतही पाठ्यपुस्तकावर विसंबून चालत नाही. नेदरलँड्समधील ६९६ जीवाणूजन्य रुग्णप्रसंगांच्या पाहणीत ताप, आखडलेली मान आणि बिघडलेले भान ही तिन्ही एकत्र असलेले रुग्ण निम्म्यांहूनही कमी, ४४ टक्केच, निघाले. मात्र त्यांत डोकेदुखी मिळवली, तर या चारांपैकी निदान दोन लक्षणे जवळजवळ प्रत्येकात होती. ‘मान तर वाकतेय’ हा दिलासा पुरेसा नाही, असा याचा अर्थ.

अंगावरच्या ठिपक्यांची एक परीक्षा घरच्या घरी करता येते. काचेचा पेला ठिपक्यांवर दाबून धरायचा. साधे पुरळ दाबाने फिके होते, रक्त झिरपून उठलेले हे ठिपके फिके होत नाहीत. मात्र ही परीक्षा गोऱ्या कातडीच्या देशात रूढ झाली आहे. आपल्या सावळ्या, त्यातून मैदानावर रापलेल्या कातडीवर ठिपके सहजी दिसत नाहीत. ते तळहात, तळपाय, पापण्यांच्या आतली बाजू आणि तोंडातली टाळू येथे शोधावे लागतात. आणि ठिपके नाहीत म्हणून रोग नाही असेही नव्हे. न्यूमोकोकसच्या आणि क्षयाच्या प्रकारांत ते सहसा येतच नाहीत.

खेळाशी थेट जोडलेले एक कारण मात्र आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही. कबड्डीत डोक्यावर डोके आपटले, किंवा चेंडू कपाळावर बसला, आणि कवटीच्या तळाला बारीकशी चीर गेली, तर त्या वाटेने मेंदूभोवतीचा द्रव नाकात झिरपू लागतो. मुलाला सर्दी झाल्यासारखे वाटते, पण पाणी एकाच नाकपुडीतून, वाकले की टपटपते, आणि घशात उतरले तर खारट लागते. जी वाट द्रवाला बाहेर यायला मोकळी झाली, तीच नाकातल्या न्यूमोकोकसला आत जायला मोकळी असते. दुखापत बरी झाली असे समजून मूल खेळू लागते आणि काही आठवड्यांनी, कधी वर्षांनीही, मेंदूज्वराने अंथरुणाला खिळते. डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून किंवा कानातून पाणी येणे ही किरकोळ बाब समजू नये; ती डॉक्टरांच्या कानावर त्याच दिवशी घातली पाहिजे.

हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो का, या प्रश्नाचे उत्तर प्रकारावर अवलंबून आहे. मेनिंगोकोकस पुष्कळ निरोगी माणसांच्या घशात मुकाट्याने राहतो. प्रौढांत साधारण दहांमागे एकाच्या, आणि कुमारवयाच्या शेवटी याहूनही अधिक जणांच्या. तो श्वासाच्या तुषारांतून, दीर्घ आणि निकट सहवासाने पसरतो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील केटरहॅमच्या लष्करी तळावर कॅप्टन ग्लोव्हर या वैद्यकीय अधिकाऱ्याने सैनिकांच्या खाटांमधील अंतर मोजले आणि खाटा जितक्या जवळ सरकवल्या गेल्या तितके घशात जंतू बाळगणारे वाढत गेले, असे दाखवून दिले. निदान अडीच फूट अंतर राखले की हे प्रमाण उतरे. मला हा प्रयोग वाचताना आपल्या उल्हासनगरची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या कल्याणच्या छावणीतल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी आसरा घेतला, ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले, आणि आजही तेथील माणूस पत्ता सांगताना कॅम्पचा क्रमांक सांगतो. बराकींचा काळ मागे पडला. पण जिल्हास्तरीय स्पर्धेला गेलेला संघ आजही कुठल्यातरी शाळेच्या वर्गात, बाके भिंतीला सरकवून, सतरंजीवर सतरंजी भिडवून झोपतो. खिडक्या डासांसाठी बंद, मुले वीस, पंखा एक. ग्लोव्हरची मोजपट्टी येथे लावण्याजोगी आहे. एकाच बाटलीला तोंड लावण्याने मेनिंगोकोकसपेक्षा विषाणूच अधिक पसरतात, आणि विषाणूजन्य मेंदूज्वराच्या साथी परदेशांतल्या शालेय संघांत झालेल्या आहेत. म्हणून बाटल्या वेगळ्या असाव्यातच, परंतु झोपण्याची जागा मोकळी आणि हवेशीर असणे त्याहून महत्त्वाचे आहे.

आता आपल्या हवामानाकडे येतो. जून ते ऑक्टोबर या मुलुखात तापाला तोटा नसतो: डेंगी, मलेरिया, विषमज्वर, लेप्टो. डॉक्टर अगोदर यांचा विचार करतात हे योग्यच आहे. गोंधळ होतो तो दोन प्रथांमुळे. एक, दोन-तीन दिवसांच्या प्रतिजैविक गोळ्या किंवा एखादे इंजेक्शन ‘असू द्यावे’ म्हणून दिले जाते. त्याने मेंदूज्वर मरत नाही, पण मंदावतो, लक्षणे पुसट होतात आणि पुढच्या तपासणीत जंतू सापडेनासे होतात. दुसरी प्रथा म्हणजे डॉक्टर बदलत राहण्याची. तिसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे पहिल्या दोघांची चिठ्ठीच नसते, आणि आजाराचा तिसरा दिवस त्यांच्या दप्तरी पहिला म्हणून नोंदला जातो.

क्षयजन्य मेंदूज्वराची कथा आणखी निराळी, आणि आपल्या दाट वस्त्यांत ती अधिक ध्यानात ठेवण्यासारखी. येथे झडप नसते, झीज असते. मुलाचे वजन उतरते, दुपारनंतर कणकण येते, डोके रोज थोडे दुखते, भूक जाते, स्वभाव चिडका होतो; सर म्हणतात लक्ष उडाले, घरचे म्हणतात मोबाइल वाढला. मग एखाद्या दिवशी सीमारेषेवरचा भरवशाचा क्षेत्ररक्षक उंच उडालेला सोपा झेल सोडतो, आणि पुन्हा सोडतो. त्याला दोन चेंडू दिसत असतात. कवटीच्या तळाशी साचलेल्या दाहाने डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारा मज्जातंतू दुबळा होतो, आणि हे दुहेरी दिसणे दूरच्या वस्तूच्या बाबतीत अधिक जाणवते. म्हणून पुस्तक वाचताना न कळलेला दोष मैदानावर आधी कळतो. त्या क्षणी त्याला रागावणाऱ्या माणसाने एकच प्रश्न विचारला असता, ‘तुला नीट दिसतंय ना रे?’, तर कदाचित पंधरवडा वाचला असता. जन्मतः टोचलेली बीसीजी लस तान्ह्या वयात या प्रकारापासून चांगले संरक्षण देते; सतराव्या वर्षी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि छातीचा एक्स-रे निर्मळ आला म्हणूनही निश्चिंत होता येत नाही.

निदानाची खरी किल्ली पाठीतल्या पाण्यात आहे, आणि नेमकी तिथेच आपली कुटुंबे अडतात. ‘पाठीतलं पाणी काढलं की पोरगं लुळं पडतं’ ही समजूत मी सुशिक्षित घरांतही ऐकली आहे. म्हणून ती क्रिया कशी असते ते सांगतो. रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात; कमरेची जागा बधिर करतात; आणि मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली, दोन मणक्यांमधून, बारीक सुई आत घालतात. जिथे सुई जाते तिथे मज्जारज्जू नसतोच. थेंब थेंब करून काही मिलिलिटर द्रव लहान कुप्यांत धरतात. शरीरात हा द्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. तेव्हा काढलेला भाग काही वेळातच भरून येतो. जर्मनीतील हाइनरिख क्विन्के यांनी १८९१ साली ही पद्धत रूढ केली. कुपी उजेडात धरली की पुष्कळ कळते: निरोगी द्रव पाण्यासारखा नितळ, जीवाणूंनी नासलेला तांदळाच्या धुवणासारखा गढूळ, आणि क्षयाचा द्रव कुपीत काही वेळ स्थिर ठेवला की त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी तलम साय धरते. मेंदूवरचा दाब फार वाढलेला असेल तर डॉक्टर आधी स्कॅन करतात आणि सुई लांबणीवर टाकतात. पण अशा वेळी औषध मात्र लांबणीवर टाकायचे नसते. जीवाणूंचा संशय बळकट असेल, तर इस्पितळात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असा वैद्यकाचा दंडक आहे. मेनिंगोकोकस सिद्ध झाला, तर घरच्यांना आणि त्या सतरंजीवर शेजारी झोपलेल्या मुलांनाही प्रतिबंधक औषध द्यावे लागते. आणि वाचलेल्या मुलाचे कान घरी सोडण्यापूर्वी तपासून घ्यावे लागतात.

लशींचा विषय निघाला की मला अभिमानही वाटतो आणि हुरहूरही. आफ्रिकेच्या मध्यावरून जाणाऱ्या देशांच्या पट्ट्यात ‘अ’ गटाच्या मेनिंगोकोकसमुळे हजारोंचे बळी जात होते. त्या देशांसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वस्त लस तयार केली, डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती टोचायला आरंभ झाला, आणि त्या गटाच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या. त्याच संस्थेच्या पाच गटांवरच्या लशीला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. आपल्या देशात मेनिंगोकोकसची लस सरकारी नित्य कार्यक्रमात नाही. हज यात्रेकरूंना आणि परदेशी शिकायला जाणाऱ्यांना ती घ्यावी लागते. दिल्लीने १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये मेनिंगोकोकसच्या साथी पाहिल्या आहेत. न्यूमोकोकसची लस देशभरच्या सरकारी कार्यक्रमात आली ती २०२१ साली, तान्ह्यांसाठी. म्हणजे आज मैदानावर धावणारी पिढी त्या दारातून आत आलेलीच नाही. शिबिरांत राहणाऱ्या मुलांच्या पालकांनी आपल्या डॉक्टरांना लशीविषयी अवश्य विचारावे.

या रोगाने एका खेळाडूचे काय केले, तेही सांगतो. इटलीची बेबे व्हियो पाच वर्षांची असल्यापासून तलवारबाजी करत होती. २००८ साली, अकराव्या वर्षी, तिला मेंदूज्वराने गाठले. तिचे प्राण वाचवण्यासाठी दोन्ही हातांचा कोपराखालचा भाग आणि दोन्ही पाय कापावे लागले. कोपराला तलवार बांधून, चाकाच्या खुर्चीवर बसून तिने २०१६ च्या रिओ आणि पुढच्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. तिचे शौर्य वंदनीय आहे. पण माझे मन तिच्या पदकांपाशी थांबत नाही, ते आजाराच्या त्या पहिल्या तासांकडे जाते.

आणि म्हणून मी त्या अंबरनाथच्या मुलाकडे परत येतो. रात्रीचे दोन वाजले आहेत. आई उठते, कारण सकाळपासूनची एक एक गोष्ट तिच्या मनात जुळत गेली आहे: डोके, उलटी, पाय. ती कपाळाला हात लावते. कपाळ चटका देते. मग ती पांघरूण उचलून तळपाय चाचपते, आणि ते बर्फासारखे गार लागतात. ती त्याला हाक मारते. तो डोळे उघडतो, पण कोणता वार आहे ते त्याला सांगता येत नाही. ती नवऱ्याला उठवते. “सकाळी बघू,” हे शब्द त्याच्या ओठांवर येतात, पण ती त्याचा हात धरून मुलाच्या पायांवर ठेवते. रिक्षा मिळायला दहा मिनिटे लागतात. इस्पितळाच्या दारात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरपुढे ती सगळे वेळेसकट सांगते: सकाळी आठला डोकं, दुपारी दोनला उलटी, सहाला पाय, आता हे. “आणि डॉक्टर,” ती म्हणते, “हा असा नसतो. मी याला ओळखते.” डॉक्टर कागदावर वेळा लिहून घेतो, मुलाच्या डोक्याखाली हात घालून हनुवटी छातीकडे नेऊ पाहतो, थांबतो, आणि सिस्टरला इंजेक्शन भरायला सांगतो.